पाठ पाहणारे काकाजी

आमच्या कोराडीच्या काकाजींच्या हाती भरलेली कपबशी देऊ नये. ते आधी बशी उलटी करून शिक्का पाहतात. दोन सोफे असेच गेले.

काकाजी वीज केंद्रातले निवृत्त फोरमन. नाद जुन्या नक्षीदार टाइल्सचा. नागपूरच्या इतवारीत, महालात एखादं जुनं घर पडतंय अशी कुणकुण लागली, की छिन्नी-हातोडा घेऊन हे घरमालकाच्या आधी हजर. "चुना शरीफ असते बाप्पा, टाइल हळूच सोडते. सिमेंट हरामी, जीव घेते तिचा."

घरी टाइल भिजत पडते. मग टूथब्रशनं घासायची ती पाठ! समोरच्या गुलाबाकडे ढुंकून पाहणं नाही. पाठीवर 'मेड इन जपान' उमटलं, की पाहुण्याची सुटका नाही, सगळा इतिहास ऐकायचा. मिंटन कंपनीच्या विलायती टाइल्स भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आजही पायाखाली आहेत. जपान्यांनी विलायतेचा कित्ता गिरवला, माल स्वस्त केला, आपले देव छापून आपल्यालाच विकले. मग दुसरं महायुद्ध आलं आणि दुकान बंद. नक्षीच्या कडा उठावाच्या का? तर भट्टीत वितळलेला एक रंग दुसऱ्यात घुसू नये म्हणून. "वावरातला धुराच समज. फरक इतकाच, इथं धुऱ्यावरून भांडण नाही."

आपली कोराडीची जगदंबा दिवसातून तीन रूपं घेते, तशी ही टाइलही सकाळ-दुपार-संध्याकाळ वेगळी दिसते, असंही ते म्हणतात. पण देवळापासून लांब उभे राहून, हळू आवाजात.

भाच्यासाठी मुलगी पाहायला गेले. पोहे आले, मुलगी आली, काकाजी न्हाणीघरात. अर्ध्या तासानं बाहेर आले ते घामेघूम. "सोयरीक पक्की. पण वाडा पाडाचा असन, तं मले आधी सांगजा." वाडा अजून उभा आहे, लग्न मात्र तेव्हाच मोडलं.

दिवाणाखाली, कपाटात, तांदळाच्या कोठीमागे नुसत्या टाइल्स. वीज केंद्राच्या चिमणीची राख बसते म्हणून प्रत्येकीला जुन्या धोतराचं पांघरूण. काकूंनी एकदाच मागितल्या, फक्त बारा, ओट्यामागे लावायला.

काकाजी हबकले. "अवं, मग पाठ भिंतीत जाईन ना!"

काकूंच्या शेगडीमागची भिंत अजून बोडकीच आहे. फोडणीचे डाग तेवढे उठावाचे आहेत.