शून्याच्या वर परवानगी नाही

भोर-वेल्ह्याकडे घरात भजनाचं रेकॉर्डिंग ठरलं की पखवाजाला कणीक लागायच्या आत गेनचं बटण पार उजवीकडे गेलेलं असतं. मीटर लाल झाला की मंडळी खूश, आवाज पोचला! टेस्टिंगला बुवा पुटपुटतात आणि गजर आला की छपराचे पत्रे हलवतात. लेव्हल लावायची ती या गजरावर, ‘हॅलो हॅलो’वर नव्हे, पण बुवांना आधी गजर करून दाखवा म्हणायचं कुणी?

जुन्या सुईच्या मीटरवर शून्याच्या पुढेही थोडी जागा असे. डिजिटलचं शून्य म्हणजे छत. त्यावरचा आवाज सपाट कापला जातो आणि फाटलेला ‘विठ्ठल’ पुन्हा धड होत नाही. २४ बिट रेकॉर्डिंगला सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवला तरी काही बिघडत नाही, नंतर वाढवता येतो. पण उणे? शुभकार्यात?

बाहेरच्या गोंगाटालाही मर्यादा आहे: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, ती २००० सालच्या नियमांतली. तिथे मिरवणुकीत कुणाची तरी ओळख निघते. डिजिटलच्या शून्याला मात्र फोन लावता येत नाही.

आणि टाळकऱ्यांना माइकपासून चार हात लांब बसवलंत, तर रुसवा ठरलेलाच.