झूमचं सोवळं

वाहन-सिम्युलेशनच्या खेळांत झूम म्हणजे लबाडी, असं वास्तववादाचं सोवळं पाळणारे बजावतात. हिशेब मात्र उलटा निघतो. निरोगी डोळा साधारण अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखतो. १९२० पिक्सेल रुंदीत ९० अंशांचं दृश्य कोंबलं, की पडद्याच्या मध्यावरचा एकेक पिक्सेल त्याच्या साडेतीनपट जागा खातो. गळीत हंगामात कोपरगावच्या नगर-मनमाड रस्त्यावर पुढच्या उसाच्या ट्रॉलीचा रिफ्लेक्टर (असलाच तर) ज्याला इतका अंधुक दिसतो, त्याला लायसन्स कोण देईल? झूम म्हणजे त्याचा चष्मा. झूम केल्यावर आरसे नि रस्त्याची कड दिसेनाशी होते, हा आक्षेप रास्त. म्हणून पाहून झालं की झूमचं बटण सोडायचं. पण ६० सेंटिमीटर रुंद पडदा तेवढ्याच अंतरावरून जेमतेम ५३ अंश व्यापतो. त्यात ९० अंश दाबून बसवताना सोवळं कसं मोडत नाही?