केळीतला फुकटा

केळीला बरा भाव मिळाला म्हणून नानांनी यंदा केनियाची सहल ठरवली. मुक्ताईनगरच्या स्टँडवर हल्ली मसाई माराचं नाव जवळच्या मेहुण-कोथळीच्या सहजतेनं घेतलं जातं. जुलै ते ऑक्टोबरात विल्डबीस्टचे कळप गवतामागं टांझानियातून येतात, मारा नदीत उड्या घेतात, खाली मगरी टपलेल्या असतात. नानांना सगळं तोंडपाठ. येलो फीव्हरची लस निघण्याआधी दहा दिवस घ्यावी लागते, तीही घेतली. बॅगेत तिखट शेवेचा डबा. सिंहासमोर शेवभाजी आठवली तर?

'बिग फाइव्ह' पाहिल्याशिवाय परतायचं नाही, हा पण. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. यादी मूळची शिकाऱ्यांची. पायी गाठून मारायला सगळ्यांत अवघड ती ही पाच जनावरं. पाचवी म्हैस आहे हे कळल्यावर काकूंनी गोठ्याकडं बघितलं आणि तिकिटाचा आकडा पुन्हा विचारला.

नानांचं शेत डोलारखेड्याच्या शिवारात. शेजारी वढोद्याचं जंगल, तेच मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र. तिथला वाघ पूर्णाकाठच्या केळीत उतरतो. ठिबकचा गारवा, भर उन्हात दाट सावली, जेवायला रानडुक्कर. केनियातला महागडा तंबू याहून वेगळं काय देतो? फरक एवढाच, की आमचा पाहुणा बिल भरत नाही.

मसाई माराच्या राखीव क्षेत्रात अंधार पडल्यावर गाडी फिरवायला बंदी आहे. आमच्याकडं शेतीची लाइट कित्येकदा नेमकी त्याच वेळेला येते. मग सालदार बॅटरी घेऊन एकटा मोटार चालू करायला निघतो. ही खरी नाइट सफारी: जीप नाही, गाइड नाही, उघडं फक्त छतच नाही, चारी बाजूही. वर मजुरी मिळते, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

तसं वाघाचं अप्रूप इथं फार पूर्वीच उतरलं. चांगदेव वाघावर बसून, सापाचा चाबूक करून ज्ञानदेवांच्या भेटीला निघाले, अशी कथा. ज्ञानदेव, मुक्ताई ही भावंडं बसल्या भिंतीसकट सामोरी गेली, आणि पुढं चांगदेवांना मुक्ताईलाच गुरू करावं लागलं. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते तिच्या नावानं; वाघवाल्यांचं देऊळ तापी-पूर्णेच्या संगमावर आहे, पण तिथं जायला पासपोर्ट लागत नाही, म्हणून फोटोही निघत नाहीत.

परतल्यावर नानांनी टीव्हीवर फोटो लावले. सालदारालाही बसवून घेतलं. सिंह झाले, गेंडे झाले, रानम्हैस तर सात बाजूंनी झाली.

"नाना, पट्टेवाला कुठं दिसला नाही?"

"अरे, आफ्रिकेच्या जंगलात वाघ नसतोच."

सालदार जरा थांबला. "मंग एवढे पैसे कशाचे घेतले त्यांनी?"