पावसालाही एनओसी हवी

बेळगावजवळच्या पिरनवाडीत पडणारा पाऊस कायदा वाचून येत नाही, एवढाच त्याचा दोष. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा लेआउट ५० हेक्टर झालं, तरच पर्यावरण मंजुरी लागते. त्याखाली बिनधास्त प्लॉट पाडा, निसर्गाला कळतसुद्धा नाही! पण पाच एकरांवर १०० मिलिमीटर पाऊस झाला, की वीस लाख लिटर पाणी होतं. भाताच्या खाचरात त्यातलं बरंचसं बांधाआड थांबायचं, मुरायचं. काँक्रीटवरून ते तडक खालच्याच्या शेतात उतरतं. अशी दहा लेआउट्स शेजारीशेजारी झाली, तरी त्यांची बेरीज करणं कुणाच्याच टेबलावर नसतं.

मग काय, लोकांना घरं नकोत? हवीत, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना तर हवीतच. नकाशात गटारही असतं म्हणे. असतं की! ते लेआउटच्या हद्दीशी संपतं, पाणी मात्र पुढे जातं. पुढे काय होतं, ते बळ्ळारी नाल्याकाठच्या शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांना विचारा. अधिकृतपणे कुणी विचारणार नाही, कारण गृहप्रकल्पांना जनसुनावणी माफ आहे. निदान लेआउट मंजूर करताना पाणी शेवटी कुठल्या नाल्याला मिळणार आणि त्या नाल्यात जागा किती उरली आहे, एवढं तरी नकाशावर लिहून घ्या.