रिमोटवर सह्याद्रीला जागा द्या

नव्या स्मार्ट टीव्हीचा रिमोट हातात घेतला की त्यावर ठळक बटणं दिसतात : नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, यूट्यूब. ही बटणं प्रेक्षकांनी मागितलेली नाहीत. कंपन्या आणि टीव्ही बनवणारे यांच्यातल्या व्यवहारातून ती तिथं आली आहेत. टीव्ही सुरू केल्यावर पडद्यावर येणाऱ्या पहिल्या पानाचंही तेच. त्या पानावर काय वर, काय खाली हे बाजार ठरवतो. दूरदर्शन सह्याद्रीला तिथं हक्काची जागा नाही. ती कायद्यानं मिळाली पाहिजे, आणि तीही बिनपैशाची.

ही मागणी शहरापेक्षा जऊळक्यासारख्या गावाच्या जास्त कामाची आहे. वाशिम जिल्हा, मालेगाव तालुका, अकोला–पूर्णा लोहमार्गावरचं हे गाव. सोयाबीन आणि तुरीचा हा मुलूख. अशा गावांत आज दोन टीव्ही शेजारी शेजारी नांदतात. एका घराच्या टिनावर मोफत डिशची छत्री असते, पलीकडच्या घरात वायफायवर चालणारा मोठा पडदा.

छत्रीचा हिशेब सोपा आहे. दूरदर्शननं डिसेंबर 2004मध्ये डीडी डायरेक्ट प्लस सुरू केलं, तेच आजचं डीडी फ्री डिश. छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा, महिन्याचं बिल नाही. उपग्रहाची लहर एका घरानं झेलली काय किंवा लाखानं झेलली काय, पाठवणाऱ्याचा खर्च तेवढाच राहतो. जोराच्या पावसात चित्र फुटतं, पण पाऊस ओसरला की परत येतं. रिचार्ज संपला म्हणून ते कधी बंद पडत नाही.

इंटरनेटचा टीव्ही वेगळ्या हिशेबानं चालतो. प्रत्येक घरासाठी वेगळा प्रवाह, आणि प्रत्येक प्रवाहाला डेटा. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की एचडी चित्र तासाला 3 जीबीपर्यंत डेटा खातं. दिवसाला दोन जीबीचं मोबाइल रिचार्ज असलेल्या घरानं हॉटस्पॉटवर असा टीव्ही लावला, तर एखादा सिनेमाही अर्ध्यातच अडकतो. म्हणजे वायफाय घ्यावंच लागतं, त्याचं महिन्याचं बिल सुरू होतं, वर ॲपची वर्गणी. एवढं सगळं भरल्यावरही आपल्या राज्याची सार्वजनिक वाहिनी समोर दिसत नाही, ती शोधावी लागते.

शोधायची कशी? प्रसार भारतीनं 20 नोव्हेंबर 2024 रोजी गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे ॲप आणलं. दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर आहेत. चांगलं पाऊल होतं, सरकारचं अभिनंदन. पण ते ॲप आधी सापडलं पाहिजे, उतरवून घेतलं पाहिजे, मग त्यात वाहिनी धुंडाळली पाहिजे. पडद्यावर रोमन लिपीचा कीबोर्ड उघडतो आणि बाणाच्या बटणानं एकेक अक्षर गाठावं लागतं. सत्तरीच्या आजीनं हे करावं अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे तिला टीव्हीपासून तोडणंच. तिच्या जुन्या टीव्हीवर दूरदर्शन एका आकड्यावर होतं.

ज्याला हवं तो शोधील, असं कंपन्यांचे वकील म्हणतील. मग त्याच कंपन्या पहिल्या पानासाठी एवढा जीव का टाकतात? कारण समोर असलेलं पाहिलं जातं, आणि मागे पडलेलं विसरलं जातं. ब्रॉडगेज आल्यावर वेगवान गाड्या जऊळक्यावरून जातात, पण साऱ्याच तिथं थांबत नाहीत. रूळ गावातून गेला म्हणून गाव जोडलं गेलं असं होत नाही, थांबा मागून घ्यावा लागतो. सह्याद्रीसाठी मी तो थांबाच मागतो आहे.

ही मागणी नवी नाही. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्याच वर्षी केबलचा कायदा आला. त्याच्या कलम 8नं केबलचालकांना दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणं बंधनकारक केलं, आणि पुढच्या दुरुस्तीनं त्यात प्रादेशिक भाषेच्या वाहिनीची भर घातली. केबलवाल्याला जो नियम लागू झाला, तो टीव्ही बनवणाऱ्या आणि त्याची प्रणाली पुरवणाऱ्या जागतिक कंपन्यांना का नको? ब्रिटननं हे करून दाखवलं आहे. तिथल्या मीडिया ॲक्ट 2024नं बीबीसीसारख्या सार्वजनिक प्रसारकांच्या ॲपना स्मार्ट टीव्हीवर ठळक जागा देण्याचं बंधन घातलं.

आपल्याकडेही या पहिल्या पानाची चौकशी झालेली आहे. अँड्रॉइड टीव्हीवर स्वतःची ॲप लादल्याच्या तक्रारीत गूगलनं एप्रिल 2025मध्ये भारतीय स्पर्धा आयोगापुढे तडजोड केली आणि 20 कोटी 24 लाख रुपये भरले. म्हणजे पडद्याच्या दारावर कुणाचा पहारा आहे, हे सरकारी यंत्रणेला नीट माहीत आहे. तडजोडीनं टीव्ही बनवणाऱ्यांना थोडी मोकळीक मिळाली. प्रेक्षकाच्या पदरात अजून काही पडलेलं नाही.

जागा मिळाली की सह्याद्रीचीही जबाबदारी वाढते. ‘आमची माती आमची माणसं’नं मुंबई दूरदर्शनवरून शेतकऱ्याला त्याच्या भाषेत शेती सांगितली. तीच परंपरा आज हवी आहे. 2025–26च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल ठरला. पण खरेदी केंद्र कधी उघडणार, ओलावा किती चालणार, नोंदणी कुठं करायची, हे संध्याकाळच्या बातमीत जिल्हावार सांगणारी वाहिनी शेतकऱ्याला लागते. हे काम कोणतंही वर्गणीचं ॲप करणार नाही, कारण त्यात नफा नाही. सह्याद्रीनं ते केलं नाही, तर पहिल्या पानावरची जागा वाया जाईल.

तर मागण्या तीन. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक स्मार्ट टीव्हीच्या पहिल्या पानावर दूरदर्शन आणि त्या त्या राज्याच्या भाषेची सार्वजनिक वाहिनी आधीपासून असावी, एका बटणावर. इंटरनेट वाढतंय म्हणून मोफत डिश आखडती घेऊ नये. जोवर गावातल्या शेवटच्या घराला बिल परवडत नाही, तोवर छत्री राहिलीच पाहिजे. आणि भारतनेट या सरकारी योजनेची इंटरनेटची तार ज्या ग्रामपंचायतींपर्यंत पोचली आहे, तिथं शाळेत आणि पंचायतीत ती चालू आहे की नुसती लोंबकळते आहे, याचा जाब गावानं विचारावा. ग्रामसभा त्यासाठीच असते. जऊळक्यानं ठराव करावा, शेजारच्या गावांनी तोच उचलावा, आणि तो खासदारांच्या हातात द्यावा. कायदा संसदेत होतो. मागणी गावातून गेली पाहिजे.