दशांशातले मूषकराव

डॅलसच्या उत्तरेला, प्लेनो-फ्रिस्कोच्या बाजूला मराठी माणसांची आता चांगलीच वस्ती झाली आहे, आणि वस्ती झाली की एखादे मूषकराव असायचेच. गणपतीची आरती संपली की प्रसादाची वाटी घेऊन ते नेमकी तुमच्याच शेजारची खुर्ची धरतात.

"घरी कोण कोण?"

"मी, ही आणि दोन मुली."

"वा! १.३! आदर्श प्रमाण."

कशाचं आदर्श, हे विचारायचं नसतं. नवखा माणूस विचारतो, आणि मग त्याचा मोदक हातातच राहतो. साप पाळणाऱ्यांच्या जगात मोजदादीची एक रीत आहे: टिंबाआधी नर, टिंबानंतर माद्या, आणि ज्यांचं अजून कळलेलं नाही ते आणखी एका टिंबानंतर. एक नर आणि तीन माद्या म्हणजे १.३. घरच्या घरी उंदरांची पैदास करायची तर साधारण एवढ्यावर सुरुवात करतात. तुमच्या कुटुंबाचं कौतुक झालं ते या अर्थानं.

एकदा ही रीत हाती लागल्यावर मूषकरावांनी जग त्याच टिंबात बसवलं. मंडळाची कार्यकारिणी ७.२ आहे म्हणून तिथे भांडणं होतात. टबात नर वाढले की हेच होतं. ढोल-ताशा पथक १४.२२, तब्येत उत्तम. कोणाची सून गरोदर असल्याची बातमी आली की सगळे अभिनंदन करतात, हे मात्र "म्हणजे सध्या १.१.१" असं पुटपुटून वाटीतली खीर संपवतात.

सुरुवात मुलापासून झाली. तेराव्या वर्षी त्यानं साप मागितला. पुण्यात असता तर विषय तिथेच संपला असता, कारण आपल्याकडे धामण घरात ठेवली तरी १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो. टेक्सासात विषारी परदेशी साप आणि काही थोराड अजगर सोडले तर परवान्याची भानगड नाही. बॉल पायथन आला. पश्चिम आफ्रिकेतला हा आटोपशीर अजगर घाबरला की अंगाचं वेटोळं करून डोकं आत घेतो आणि गप्प पडून राहतो. स्वभाव सरकारी, खाणं दोन आठवड्यांतून एकदा.

खाणं म्हणजे एक उंदीर. दुकानात गोठवलेला मिळतो, चार-पाच डॉलरला. आपल्या मुंबईत रात्रीच्या काळोखात काठी-बॅटरी घेऊन उंदीर मारणारी माणसं महापालिका पगारावर ठेवते, आणि इथे त्याच जिनसेला पाच डॉलर मोजायचे, हे एका मराठी अभियंत्याला सोसणं शक्य नव्हतं. त्यांनी एक्सेल उघडलं. एक्सेल असं सांगत होतं की घरीच केले तर बरेच स्वस्त पडतात.

एक्सेल खोटं बोलत नव्हतं. ते फक्त उंदरांना ओळखत नव्हतं. उंदरीण २१ ते २३ दिवसांत विते. एका वेताला आठ-दहा पिल्लं, कधी बाराही. व्याल्यावर चोवीस तासांच्या आत तिला पुन्हा दिवस राहू शकतात. पिल्लं तीन आठवड्यांत अंगावरची सुटतात आणि पाच-सहा आठवड्यांची झाली की स्वतःच संसाराला लागतात, त्यामुळे नर-माद्या वेगळ्या करायला एक शनिवार चुकला तरी हिशेबाची वाट लागते. तीन माद्यांनी दर दोन महिन्यांनी एकेक वेत दिलं तरी वर्षाला १८० उंदीर. सापाला लागणार २६.

त्यातच बॉल पायथन हा उपासाबद्दल प्रसिद्ध प्राणी. मनात आलं की तोंड फिरवतो आणि दोन-दोन, चार-चार महिने शिवत नाही. तब्येतीला काही होतही नाही. त्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये टबांवर टब चढले आणि मूषकरावांनी तोडगा काढला: आणखी साप आणायचे. एक मादी आली (आता १.१!), मग एक बोआ, मग कोणाला तरी नकोसे झालेले दोन. पहिल्यांदा सापांसाठी उंदीर होते. वर्षभरात उंदरांसाठी साप झाले, आणि हा बदल नक्की कधी झाला ते एक्सेलमध्ये कुठेच नोंदलेलं नाही.

गॅरेज एकदा पाहण्यासारखं आहे. एकदाच. सिमेंट कालवायचे काळे प्लास्टिकचे टब लाकडी घोडीवर ओळीनं सरकवलेले, वर लोखंडी जाळी, प्रत्येक टबात पाण्याची तोटी आणि अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा भुसा. देवदारासारख्या वासाच्या लाकडाचा भुसा चालत नाही, उंदरांच्या श्वासाला बाधतो. जाळीला नाकं चिकटवून सगळी प्रजा तुमच्याकडे बघते. माद्या एकमेकींची पिल्लं बिनतक्रार पाजतात, कोणाचं कोण याची चौकशी नाही. वासाबद्दल लिहीत नाही; ज्यांनी घेतला त्यांना सांगायला नको. टेक्सासचा उन्हाळा ३८-४० अंशांवर जातो, उंदराला घाम येत नाही, तो अंगातली बरीच उष्णता शेपटीवाटे टाकतो, आणि टेक्सासला शेपटी पुरत नाही. म्हणून गॅरेजला एसी लागला. एसीचं बिल "घरखर्च" या रकान्यात जातं. उंदीर अजूनही स्वस्तच पडतो.

वहिनींनी या सगळ्यात दोनच अटी घातल्या. गोठवलेल्या उंदरांचा फ्रीझर वेगळा. खोवलेल्या नारळाशेजारी ते चालणार नाहीत. आणि गणपतीत हत्या बंद. "अहो, पाटावर बाप्पा बसलेत आणि तुम्ही त्यांचं वाहन पाकिटात भरताय!" मूषकराव कबूल झाले. पण अभय मिळालेली प्रजा स्वस्थ बसत नाही. एका वर्षी ऐन गौरीजेवणाच्या दिवशी तिघी एकदम व्याल्या. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आई बघत होत्या. १८९७ च्या प्लेगात घरात उंदीर मरून पडला की माणसं घर सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात, हे त्यांनी आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आणि तू त्यांना एसी लावलास."

आता इथे गृहस्थाच्या बाजूनं थोडं बोलायला हवं, इलाज नाही. ते जिवंत उंदीर सापापुढे टाकत नाहीत. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला फाडू शकतो, हे एक कारण. दुसरं ते सांगत नाहीत. कार्बन डायऑक्साइडची पेटी आहे, आणि अमेरिकेतल्या पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे दर मिनिटाला पेटीच्या घनफळाच्या ३० ते ७० टक्के एवढ्याच वेगानं वायू सोडायचा असतो. ते काम ते रात्री एकटे करतात, आणि त्या रात्री टिंबाचा विनोद होत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठलं. डॅलसचा पारा उणे १९ पर्यंत उतरला आणि राज्यातल्या ४५ लाखांहून अधिक घरांची-आस्थापनांची वीज गेली. मूषकरावांनी सगळे टब बैठकीत आणून गॅसच्या शेगडीभोवती मांडले. साप उशांच्या अभ्र्यांत घालून, ते अभ्रे घरच्या तिघांच्या जॅकेटांत. रात्रभर खाणारे आणि खाल्ले जाणारे एकाच उबेला बसले, आणि मूषकराव दर तासाला उठून पाण्याच्या तोट्या गोठल्यात का ते पाहत होते.

त्याच वर्षी मुलगा कॉलेजला ऑस्टिनला गेला. वसतिगृहात साप चालत नाहीत. घर २.१ होतं ते १.१ झालं, हे त्यांनी स्वतः कुणाला सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं.

नंतर वटवाघळांचे आवाज ऐकायचं एक यंत्र घरात आलं. उंदराला गुदगुल्या केल्या की तो ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतो, माणसाच्या कानापलीकडे. याक पँकसेप या शास्त्रज्ञानं नव्वदच्या दशकात ते प्रयोगशाळेत ऐकलं आणि त्याला हसण्याचा सख्खा नातलग मानलं. मूषकराव संध्याकाळी गॅरेजमध्ये स्टुलावर बसून एका म्हाताऱ्या मादीच्या मानेवर दोन बोटं फिरवतात. यंत्र टिक-टिक करतं. दीड वर्षाची झाली तेव्हाच तिची वेतं थांबली. हिशेबानं ती फ्रीझरमध्ये असायला हवी. एक्सेलमध्ये तिच्यापुढे "०.१ राखीव" असं लिहिलं आहे, आणि खर्चाचा रकाना कोरा.

तिचे फार तर सहा-आठ महिने उरले असतील. सापाचं तसं नाही. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात २०२० मध्ये एका बॉल पायथनच्या मादीनं अंडी घातली, तेव्हा ती निदान ६२ वर्षांची होती. मूषकरावांनी ही बातमी वाचली आणि आपल्या वयाशी वजाबाकी करून पाहिली. तेव्हापासून आरतीनंतर ते तरुण मुलांशेजारी बसतात.

तर डॅलसकडे कोणी असाल आणि घरात जागा असेल, तर त्यांचं ऐकून घ्या. पहिला साप शांत आहे, चावत नाही, सोबत वर्षभराचे उंदीर गोठवून फुकट मिळतील. गॅरेजला एसी मात्र हवा.