धाकटीच्या माळावरची लाईट

"काकू, कुंपणाशी या की जरा. खालच्या आळीतली खबर कळली का?"

"कोणती गं? धाकटीच्या माळाची?"

"हाव की! वाटणीत थोरलीनं काळं रान घेतलं अन् हिच्या पदरात मुरमाड माळ टाकला. लई रडली होती तेव्हा. आता सोलारच्या प्लांटसाठी लोकं माळ बघून गेले म्हणे."

"भाडं किती?"

"मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत एकरी ५० हजार, वर्षाला. वर दरसाल ३ टक्के वाढ."

"अगं माय! कुसळंबी उगवत नव्हती तिथं. पण कामून तिचाच माळ?"

"सबस्टेशन जवळ आहे ना. लाईट लांबून आणली तर तारेतच गळती."

"अन् मुखेडला ऊन तर रग्गड. मे महिन्यात प्लेटा तापल्या की लाईटबी दांडगी व्हायची."

"तसं नसतंय काकू. आमचा पोरगा आयटीआयला शिकू लालाय, त्यानं सांगितलं. प्लेटीला ऊब नको, उजेड पाहिजे. आत सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. उजेड पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सुटतात अन् एका दिशेनं पळतात, तीच वीज. प्लेट लई तापली तर उलट कमी देते."

"मग तीच वीज थेट मोटारीला?"

"नाही, ती डीसी. इन्व्हर्टर तिची एसी करतो, ट्रान्सफॉर्मर दाब वाढवतो, मग सबस्टेशनातून शेतीच्या फीडरवर. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. वैजापूरकडं धोंदलगावला ३ मेगावॅटचा प्लांट २०२४ मध्येच चालू झाला."

"अन् रात्री?"

"रात्री बंद. पण शेतीला दिवसाच तर पाहिजे! आमचे हे थंडीत मध्यरात्री उठून हरभऱ्याला पाणी द्यायला जातेत, हातात बॅटरी अन् काठी. साप, रानडुक्कर... माणूस घरी येईस्तोवर मला डोळा लागत नाही."

"म्हणजे थोरलीच्या काळ्या रानाला दिवसा पाणी मिळायचं, ते धाकटीच्या माळावरच्या लाईटीनं!"

"तेच तर! वाटणीपासून दोघींत बोलणं नाही. आता तरी बोलतील का हो?"

"बोलतील की. मोजणीवाला तर येऊ दे. बांध नेमका कुठं, इथूनच सुरू होतील बघ."